शिवडीचा चिखल आणि त्याचे पाहुणे

मुंबईकरास कोणी समुद्र दाखवावयास सांगितलें, तर तो पाहुण्यास गिरगांवच्या चौपाटीवर नाहीं तर दादरच्या वाळूवर घेऊन जातो. तेथें लाटा असतात, वारा असतो, भेळेच्या गाड्या असतात, आणि मावळत्या सूर्याकडे तोंड करून बसलेलीं शेंकडों माणसें असतात. परंतु या शहरास आणखी एक समुद्र आहे, हें पुष्कळांच्या गांवींही नसतें. तो शहराच्या पाठीमागें आहे. परळ-लालबागच्या चाळींमधून पूर्वेकडे निघावें, हार्बर मार्गाचे रूळ ओलांडावे, वखारींच्या लांबच लांब भिंती मागें टाकाव्या, म्हणजे हा दुसरा समुद्र लागतो. त्याला लाटा नाहींत, वाळू नाहीं. ओहोटीच्या वेळीं तर त्याला पाणीही नसतें. असतो तो केवळ चिखल: करडा, ओला, उन्हांत चकाकणारा, आणि दृष्टि पोहोंचेल तेथपर्यंत पसरलेला. हा शिवडीचा किनारा होय.

एकाच शहराच्या दोन किनाऱ्यांत एवढें अंतर कां पडावें, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. मुंबईच्या पश्चिमेस उघडा अरबी समुद्र आहे. त्याच्या लाटा किनाऱ्यावर सारख्या आपटत असतात. त्यांच्या माऱ्यापुढें बारीक माती टिकत नाहीं. जड वाळू तेवढी मागें राहते. पूर्वेकडे मात्र मुंबईची भूमि स्वतःच आडवी पडून लाटांचा जोर अडविते. तेथें ठाण्याच्या खाडीचें पाणी संथपणें आंत येतें आणि संथपणें बाहेर जातें. या संथ पाण्यांतील गाळ हळूहळू तळाशीं बसतो. आज एक पापुद्रा, उद्यां दुसरा, असे थर वर्षानुवर्षें चढत जातात. शिवडीचा चिखल म्हणजे कोणी आणून टाकलेली घाण नव्हे. चौपाटीची वाळू जितकी स्वाभाविक, तितकाच तोही स्वाभाविक आहे.

इतकेंच नव्हे, तर हा चिखल मुंबईच्या मूळ रूपाचा एक अवशेष आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम अशीं सात बेटें येथें होतीं. आणि त्यांच्यामध्यें भरतीस बुडणारीं व ओहोटीस उघडीं पडणारीं खाजणें होतीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत महालक्ष्मी व वरळी यांच्या दरम्यानचा बांध झाला. गव्हर्नर हॉर्नबी याचें नांव त्याला मिळालें, आणि आंत शिरणारा समुद्र अडला. १८०३ मध्यें शीवचा बांधरस्ता पुरा झाला, १८४५ मध्यें माहीमचा. त्यापुढें भरावावर भराव पडत गेले. खाजणें बुजलीं, त्यांवर रस्ते झाले, चाळी उठल्या, गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं. उमरखाडी या नांवांत खाडी उरली, जमिनीवर मात्र ती उरली नाहीं. आज भायखळा-ताडदेवच्या सखल भागांतून चालणाऱ्या माणसास आपल्या पायांखालीं एके काळीं शिवडीसारखाच चिखल होता, आणि त्यांत शिवडीसारखेच खेकडे फिरत होते, याची कल्पनाही नसते.

पूर्वेचा किनारा लोकांच्या दृष्टीआड जाण्यास आणखीही एक कारण घडलें. १८७३ मध्यें मुंबई बंदराचें विश्वस्तमंडळ स्थापन झालें. १८८० मध्यें प्रिन्सेस गोदी, १८८८ मध्यें व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ मध्यें अलेक्झांड्रा गोदी अशा मोठमोठ्या गोद्या या बाजूस झाल्या. त्यांच्या मागोमाग वखारी, रेल्वेच्या शाखा, तेलाच्या टांक्या आणि कापसाचीं कोठारें आलीं. शहराचा सारा व्यापार या किनाऱ्यावर चालला, पण किनारा मात्र भिंतीआड गेला. लालबागच्या गिरणीकामगाराच्या खोलीपासून समुद्र तासाभराच्याही चालीवर नव्हता. तरी सुटीच्या दिवशीं मुलांना समुद्र दाखवावयाचा, तर तो त्यांना पश्चिमेस चौपाटीवर नेत असे. पूर्वेचा समुद्र हा कामाचा समुद्र ठरला, पाहण्याचा राहिला नाहीं.

शिवडी हें परळ बेटाच्या पूर्व कांठावरचें गांव. त्याच्या टेकाडावर इंग्रजांनीं १६८० मध्यें एक लहानसा किल्ला बांधला. खाडीवर नजर ठेवणें हेंच त्याचें प्रयोजन होतें. १६८९ मध्यें जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला, तो याच बाजूनें उतरला, आणि हा किल्ला त्याच्या हातीं पडला. पुढें किल्ल्यांत कैदी ठेवले गेले, आणि नंतर त्याची वखारही झाली. शिवडींतच एकोणिसाव्या शतकांत कृषि व उद्यानविद्येच्या एका मंडळीची बाग होती. १८६५ मध्यें ती जागा दफनभूमीसाठीं घेण्यांत आली, आणि मुंबईच्या वनस्पति-उद्यानाची परंपरा भायखळ्यास राणीच्या बागेंत चालूं राहिली. तात्पर्य, शिवडीस जें जें सुंदर किंवा निवांत होतें, तें तें शहरानें आपल्या गरजेप्रमाणें हलविलें किंवा बदललें. चिखल तेवढा राहिला, कारण त्याची गरज कोणास वाटली नाहीं.

या किनाऱ्यावर जावयाचें, तर घड्याळापेक्षां पंचांग अधिक उपयोगी पडतें. कोळी लोकांचा एक जुना हिशेब आहे. तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल, तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पुरी होते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. शुक्लपक्ष असो कीं कृष्णपक्ष असो, हिशेब तोच. भरती दिवसांतून दोन वेळां येते आणि रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते, हें आधुनिक शास्त्र चंद्राच्या गतीवरून सांगतें. कोळ्यांनीं तेंच तिथीवरून बसविलें. मिनिटाचा कांटा या हिशेबांत सांपडावयाचा नाहीं. परंतु किनाऱ्यावर केव्हां पोहोंचावें, हें ठरविण्यास तो पुरेसा आहे.

समजा, कोणी लालबागचा गृहस्थ माघ महिन्यांतील षष्ठीस मुलांना घेऊन निघाला. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे त्यानें दीड-दोनच्या सुमारास किनाऱ्यावर असावें. त्या वेळीं पाणी दूर असतें आणि हळूहळू आंत येऊं लागलेलें असतें. पाणी जसजसें पुढें येतें, तसतसे पक्षीही त्याच्या पुढें सरकत धक्क्याच्या जवळ येतात. पूर्ण ओहोटीस गेल्यास ते फार दूर असतात, आणि पूर्ण भरतीस गेल्यास चिखल बुडालेला असून ते दुसरीकडे विसांव्यास गेलेले असतात. दुपारची वेळ साधण्यांत आणखी एक लाभ आहे. शिवडीचा किनारा पूर्वाभिमुख असल्यानें सकाळीं सूर्य डोळ्यांवर येतो आणि पक्षी नुसते काळे ठिपके दिसतात. दुपारनंतर सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशीं जातो, आणि पक्ष्यांचे खरे रंग दिसूं लागतात.

धक्क्यावर प्रथम दिसतात त्या दुरुस्तीसाठीं चिखलांत ओढून ठेवलेल्या नौका. त्यांच्या पलीकडे, समोर, माहूल-तुर्भ्याच्या बाजूचे तेलशुद्धीचे कारखाने. नवख्या माणसाची पहिली समजूत अशी होते, कीं येथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं. या समजुतीस दहा मिनिटें अवधि द्यावा. बोलणें थांबवून, एका जागीं उभें राहून, अगदीं पायांजवळचा चिखल पाहावा. माणसांची चाहूल लागतांच बिळांत दडलेले खेकडे पुन्हा बाहेर येऊं लागतात. त्यांतील एका जातीच्या नराची एक नांगी अंगाच्या मानानें फार मोठी असते, आणि ती तो कोणास बोलावल्याप्रमाणें वरखालीं हालवितो. मादीस भुलविणें आणि दुसऱ्या नरास धाक घालणें हीं दोन्ही कामें त्या एका नांगीनें होतात. मध्येंच एखादी निवटी चिखलावरून टुणकन उडी मारते. निवटी हा मासा आहे. पण ओहोटी लागली तरी तो पाण्याबरोबर जात नाहीं. कल्ल्यांत पाणी धरून आणि ओल्या कातडीनें हवा शोषून तो चिखलावर राहूं शकतो, आणि पुढच्या परांवर रेटा देऊन चालतोही. या चिखलाच्या एका मुठींत शेवाळें, किडे, शिंपलीं आणि सूक्ष्म जंतु यांची जी दाटी असते, तिच्यावरच पुढील सर्व संसार अवलंबून आहे.

किनाऱ्यालगत तिवरांचें रान आहे. झाडास मिठाचें पाणी मारक. परंतु तिवर मिठाच्या पाण्यांतच वाढतो. तो मुळांवाटें कांहीं मीठ अडवितो, आणि जें आंत येतें तें पानांवाटें बाहेर टाकतो. पानावर बोट फिरवून तें जिभेस लावल्यास खारट लागतें. चिखलांत हवा नसते, म्हणून त्याचीं मुळें जमिनीखालून वर डोकें काढून श्वास घेतात. झाडाभोंवतीं जे शेंकडों खुंट उभे दिसतात, ते वाळके फांटे नसून श्वास घेणारीं मुळें असतात. हीं झाडें गाळ धरून ठेवतात, लाटांचा व वादळाचा जोर मोडतात, आणि माशांच्या व कोळंबीच्या पिलांना आसरा देतात. बंदराच्या विश्वस्तमंडळानें १९९६ मध्यें शिवडीच्या तिवरांचा पट्टा संरक्षित म्हणून जाहीर केला. महाराष्ट्र सरकारनें २०२० मध्यें पांढऱ्या चिप्पीस राज्याच्या कांदळवृक्षाचा मान दिला. चिप्पी ही याच कुळाचाराची, म्हणजे खाऱ्या पाण्यांत पाय रोवून राहणाऱ्या झाडांपैकीं एक आहे.

आतां पाणी थोडें अलीकडे आलेलें असतें. पाण्याच्या कडेनें लहान लहान पक्षी धांवत असतात. टिलवे आणि तुतवार चिखलावर झपाट्यानें टोंचा मारीत जातात. लांब सरळ चोंचीचे पाणटिवळे चोंच मुळापर्यंत चिखलांत खुपसतात. चिखले चार पावलें धांवतात, थबकतात आणि पुन्हा धांवतात. कोणाची चोंच अर्ध्या बोटाची, कोणाची वीतभर. त्यामुळें प्रत्येकाचा घांस निराळ्या खोलीवर असतो, आणि एकाच शेतांत इतक्या जणांचें पोट भरतें. यांतील कांहीं तुतवारांचीं घरटीं उत्तर ध्रुवाजवळच्या सैबेरियांत असतात. तपकिरी डोक्याचे कुरव तिबेट-लडाखच्या उंच सरोवरांकांठून येतात. हिंवाळ्यांत तिकडे पाणी गोठतें, आणि हे हजारों मैलांचा प्रवास करून या चिखलावर उतरतात. ज्या जागेचा पत्ता लालबागच्या माणसास ठाऊक नसतो, तो सैबेरियाच्या पांखरास पाठ असतो.

परंतु शिवडीचें नांव ज्यामुळें झालें, तो पक्षी रोहित होय. दूर चिखल व पाणी यांच्या सीमेवर एक फिकट गुलाबी रेघ दिसते. दुर्बीण लावली, कीं त्या रेघेचे हजारों पक्षी होतात. त्यांत दोन जाती असतात. मोठा रोहित चार-साडेचार फूट उंच, पांढुरका, चोंच गुलाबी आणि तिचें टोंक काळें. लहान रोहित तीन फुटांच्या आंतबाहेर, रंगानें अधिक गडद, आणि चोंच काळसर तांबडी. मुंबईस लहान रोहितांचीच संख्या अधिक. दोघांचीही जेवण्याची रीत चमत्कारिक आहे. ते मान खालीं घालून डोकें अगदीं उलटें करतात, म्हणजे चोंचेचा वरचा भाग खालीं येतो. मग जीभ पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणें मागेंपुढें होते. पाणी चोंचेंत येतें आणि कडेच्या बारीक दांत्यांतून गाळून बाहेर जातें. मागें राहतें तें अन्न. लहान रोहिताच्या चोंचेची चाळण फार बारीक, म्हणून तो सूक्ष्म शेवाळें खातो. मोठा रोहित लहान शिंपलीं, कोळंबीवजा जीव आणि किडे वेंचतो. त्यांचा गुलाबी रंगही या अन्नांतूनच येतो. अंड्यांतून निघालेलें पिलूं करडें असतें; खाऱ्या पाण्यांतील अन्नांत असलेलीं रंगद्रव्यें अंगीं मुरत गेलीं, म्हणजे कांहीं वर्षांनीं त्यावर रंग चढतो. शिवडीच्या थव्यांत मधूनमधून जे मळकट पक्षी दिसतात, तीं म्हातारीं नव्हेत, तरुण मुलें होत.

हे पक्षी मुंबईस घरटीं करीत नाहींत. त्यांचें सूतिकागृह कच्छच्या रणांत आहे. तेथें पावसाचें व समुद्राचें पाणी साचलें, म्हणजे ते चिखलाचे लहान लहान ओटे रचून त्यांवर अंडीं घालतात. रणांतील ही वसाहत १९४५ मध्यें डॉ. सालिम अली यांनीं जाऊन पाहिली आणि तिचें शास्त्रीय वर्णन केलें. २०२२ मध्यें मुंबईच्या कांहीं रोहितांच्या अंगावर उपग्रहाकडे संदेश पाठविणारीं यंत्रें बसविण्यांत आलीं, आणि त्यांचा मार्ग गुजरातकडे जातो, हें त्यावरून पुन्हा सिद्ध झालें. नोव्हेंबराच्या सुमारास ते मुंबईस येऊं लागतात, आणि पावसाचे ढग दिसूं लागले म्हणजे निघून जातात.

शिवडीस ते मोठ्या संख्येनें दिसूं लागले, ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. २०१९ च्या आरंभीं मुंबई व ठाण्याच्या खाडीपरिसरांत झालेल्या गणतींत त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. ते येथें कां आले, याविषयीं अभ्यासकांचा जो कयास आहे, तो मुंबईकरास फारसा भूषणावह नाहीं. लक्षावधि लोकांचें सांडपाणी खाडीस मिळतें. त्यांतील पोषक द्रव्यांवर शेवाळें वाढतें. आणि शेवाळावर रोहित जगतो. म्हणजे रोहितांचा थवा पाहून शहरानें आपल्या स्वच्छतेचें प्रशस्तिपत्र समजूं नये. त्याच पाण्याबरोबर कारखान्यांचीं विषेंही येतात. सांडपाणी प्रमाणाबाहेर वाढलें, तर पाण्यांतील प्राणवायु संपतो आणि शेवाळ्याबरोबर बाकीची जीवसृष्टिही बिघडते. पाहुणे आज आहेत, म्हणून उद्यां असतीलच, असें नाहीं.

या पांखरांकडे विद्येच्या दृष्टीनें पाहण्याची परंपरा मुंबईस नवी नाहीं, आणि तिचीं मुळें गिरगांवच्या आसपासच आहेत. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थ भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयांत जमले आणि त्यांनीं मुंबईची निसर्गेतिहासाची संस्था स्थापिली. त्या आठांत दोन मराठी वैद्य होते: प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि गिरगांवचे डॉ. सखाराम अर्जुन. सालिम अली यांचा जन्म १८९६ चा. त्यांचें बालपण खेतवाडींत गेलें. लहानपणीं त्यांनीं एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ही कोणती, हें विचारण्यास ते या संस्थेच्या दारीं गेले. तेथील चिटणीस मिलर्ड यांनीं त्या मुलास भुसा भरलेल्या पक्ष्यांचीं कपाटें उघडून दाखविलीं. नेहमींच्या चिमणीहून एक चिमणी निराळी आहे, एवढें लक्षांत येणें हाच त्या मुलाच्या पुढील सर्व विद्येचा आरंभ होता. शिवडीच्या चिखलाविषयींही प्रथम एवढेंच घडावयास पाहिजे. तो सगळा एकसारखा नाहीं, हें कोणाच्या तरी लक्षांत आलें पाहिजे.

कारण या किनाऱ्याचें भवितव्य अजून पुरतें निश्चित झालेलें नाहीं. ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम कांठीं, ऐरोली व वाशी येथील पुलांच्या दरम्यान, महाराष्ट्र सरकारनें २०१५ मध्यें रोहितांचें अभयारण्य जाहीर केलें. त्याचें क्षेत्र १६९० हेक्टर आहे. २०२२ मध्यें ठाण्याच्या खाडीस रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांत स्थान मिळालें. शिवडी मात्र या अभयारण्याच्या सीमेबाहेर, दक्षिणेस आहे. पक्ष्यांना ती सीमा ठाऊक नाहीं. भरती-ओहोटीच्या मागोमाग ते खाडीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ये-जा करतात. एका ठिकाणीं जेवतात, दुसऱ्या ठिकाणीं विसांवा घेतात. २०२४ मध्यें नेरूळच्या एका तळ्यांत भरतीचें पाणी येण्याचें थांबलें. तळें सुकलें, आणि तेथें रोहित मेलेले आढळले. त्याच वर्षीं मे महिन्यांत घाटकोपरवर उडणारा एक थवा विमानाच्या मार्गांत आला आणि सुमारें चाळीस पक्षी प्राणांस मुकले. घराची एक खोली बंद केली, कीं माणसें उरलेल्या खोल्यांत दाटीनें राहतात. पक्ष्यांस मात्र बहुधा तितकीही सोय नसते.

शिवडीच्याच किनाऱ्यावरून न्हावा-शेव्याकडे जाणारा सागरी सेतु जानेवारी २०२४ मध्यें वाहतुकीस खुला झाला. त्याची लांबी २१.८ किलोमीटर असून त्यापैकीं सुमारें साडेसोळा किलोमीटर पाण्यावरून जातो. त्याची उपयुक्तता कोणी नाकारणार नाहीं. दोन तासांचा प्रवास थोडक्या मिनिटांवर आला. परंतु त्याचे खांब ज्या चिखलांत रोंवले गेले, तो चिखल रिकामा नव्हता. बांधकामाच्या वर्षांत शिवडीस येणारे पक्षी घटल्याचें व कांहीं थवे खाडीपलीकडे गेल्याचें निरीक्षकांनीं पाहिलें. पक्ष्यांस उपद्रव कमी व्हावा, म्हणून पुलाच्या कांहीं भागावर आवाज अडविणारे पडदे बसविण्यांत आले. एवढी काळजी घेतली गेली, ती तेथें कोणी राहतें हें आधीं ठाऊक झालें होतें म्हणून. शेंकडों लोकांनीं वर्षानुवर्षें धक्क्यावर उभें राहून पक्षी मोजले नसते, तर नकाशावर ती जागा कोरीच राहिली असती.

कायद्याचें पाठबळ मुळींच नाहीं, असें नव्हे. मुंबईच्या उच्च न्यायालयानें २००५ मध्यें तिवरांच्या तोडीस आळा घातला, आणि २०१८ च्या निर्णयांत तिवरांचें रक्षण हें सरकारचें कर्तव्य असल्याचें सांगितलें. किनाऱ्याच्या नियमांतही जिवंत चिखलपट्ट्यांना अत्यंत नाजूक जागांत गणलें आहे. चिखलास जिवंत म्हणणारा कायदा झाला, ही थोडी गोष्ट नव्हे. पण कायद्याचें कलम व लोकांची समजूत यांत अंतर राहिलें, म्हणजे कलम एकटें पडतें. ज्या जागेस सारें शहर घाण म्हणतें, तिच्यावर भराव पडूं लागला, तर तक्रार कोण करणार?

ही समजूत पालटूं शकते, याचें उदाहरण शिवडीहून फार दूर नाहीं. मिठी नदीच्या कांठीं, धारावी व माहीमच्या मध्यें, शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. १९७७ मध्यें तेथें कचरा टाकणें बंद झालें. १९८३ मध्यें सालिम अलींच्या हातून तेथें पहिलें झाड लागलें, आणि १९९४ मध्यें तीच जागा निसर्ग उद्यान म्हणून लोकांस खुली झाली. आज त्या सदतीस एकरांत हजारों झाडें आहेत, आणि दादर-माहीमच्या शाळांतील मुलें तेथें पाखरें व फुलपांखरें ओळखावयास शिकतात. तेथें मातीही माणसास करावी लागली आणि झाडेंही लावावीं लागलीं. शिवडीस यांतलें कांहींच करावयाचें नाहीं. तेथें जें आहे, तें मोडूं न देणें एवढेंच काम आहे. आणि कोणतीही गोष्ट करण्यापेक्षां न करणें हें मोठ्या शहरास अधिक कठीण जातें.

म्हणून शिवडीस जाणाऱ्यानें कांहीं थोडे नियम पाळावे. धक्क्यावर मोठ्यानें बोलूं नये. पक्षी उडतांना सुंदर दिसतात, म्हणून त्यांना उडविण्यासाठीं दगड मारूं नये. प्रत्येक उड्डाणांत त्यांच्या जेवणाची वेळ व अंगचें बळ खर्च होतें, आणि चिखल उघडा असण्याची वेळ मोजकीच असते. चिखलांत उतरूं नये. तो दिसतो त्याहून खोल आहे. खाण्याचे कागद तेथें टाकूं नयेत. दुर्बीण असल्यास न्यावी. नसल्यास शेजाऱ्याची मागावी, कारण धक्क्यावर दुर्बीण आणणारा माणूस सहसा ती दुसऱ्यास देण्यास राजी असतो. मुलांस बरोबर घेऊन जावें, आणि त्यांना पक्ष्यांचीं नांवें सांगण्याआधीं चिखलावरच्या पाउलखुणा पाहूं द्याव्या.

षष्ठीच्या त्या दुपारीं चारच्या सुमारास पाणी धक्क्याच्या पायथ्याशीं येऊन पोहोंचतें. खेकड्यांचीं बिळें बुडतात, निवट्या तिवरांच्या मुळांत शिरतात, लहान पक्षी एकदम उठतात आणि एका वळणांत पांढरे व दुसऱ्यांत करडे होत दूर जातात. रोहित सर्वांच्या शेवटीं निघतात, कारण त्यांचे पाय लांब असतात. थोड्या वेळानें तेथें साधें पाणी दिसूं लागतें, आणि उशिरां आलेल्या माणसास तेथें कांहीं होतें, याची खूणही सांपडत नाहीं. त्या गृहस्थाच्या मुलांस मात्र तें ठाऊक असतें. पाण्याखालीं काय आहे, हें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, अशीं माणसें लालबाग-परळांत जितकीं वाढतील, तितकी शिवडीच्या चिखलाची राखण वाढेल.